सुमनअक्काचा कोर्स अजून अपूर्ण आहे

सुमनअक्का, अन्याय तुझ्यावर झाला. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तपासणीच्या खोलीत. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी दारात उभी होते आणि डॉक्टरसाहेबांच्या डोक्यावरचं घड्याळ माझ्या समोर होतं. घड्याळाशेजारी नव्या फ्रेममध्ये त्यांचं प्रमाणपत्र होतं. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेत ओळखण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यांनी यशस्वीपणे पूर्ण केला आहे, असं त्यावर छापलेलं.

तू स्टुलावर बसलीस. जीभ बाहेर काढलीस आणि उजव्या कडेचा व्रण बोटानं दाखवलास. साहेब खुर्चीतून उठले नाहीत. बॅटरी टेबलाच्या खणात होती, ती त्यांनी काढली नाही. टेबलापलीकडून बघून म्हणाले, "दाताचा कोपरा लागतोय, ताई. घासून घ्या, बी-कॉम्प्लेक्स चालू करा. महिनाभर वाट बघू."

आणि तू हसलीस.

त्या हसण्याचा अर्थ मला पुढे नऊ महिने लागला नाही. आता लागलाय आणि तो एकटीनं बाळगणं मला जमत नाही, म्हणून लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, काढलंस का पुन्हा पत्रक? हो, काढलं.

माझी पत्रकं तुला कधीच आवडली नाहीत. जळगावच्या आमच्या संस्थेतून तंबाखूविरोधी पत्रकांचे गठ्ठे घेऊन मी सातपुड्याच्या पायथ्याशी, तू आरोग्यसेविका होतीस त्या उपकेंद्रात पहिल्यांदा आले, तेव्हा तू एक पत्रक उभ्याउभ्याच वाचलंस आणि म्हणालीस, "हे वाचून माणसाला राग येईल. तोंड कोण उघडणार?" मी चिडले. मी बोदवडची, बाबांबरोबर सभांमध्ये पत्रकं वाटत मोठी झालेली. पत्रक म्हणजे रागच, हे मला घरातून मिळालेलं. मी तुम्ही-तुम्ही करत वाद घालायला लागले, तर तू म्हणालीस, अहो-जाहो करायचं असेल तर बाहेर पेशंटच्या बाकावर बस, आत बसायचं असेल तर तू म्हण. मी आत बसले. चार वर्षं बसले.

कोर्स आमच्याच संस्थेनं आणला. मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दर गुरुवारी दुपारी दोन ते चार ऑनलाइन शिकवायचं, आणि आपल्यासारख्या लांबच्या केंद्रांतल्या डॉक्टर, नर्स, आरोग्यसेवकांनी जागच्या जागी बसून शिकायचं. तुमच्या केंद्रातले सहा जण निवडले. सहाही जणांची खाती मी उघडली, आणि आळसानं सगळ्यांना एकच पासवर्ड दिला.

उपकेंद्रात रेंज नव्हती. रेंज यायची ती गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, बाराव्या पायरीपासून पुढे. तू सरकारी टॅब पिशवीत घालून वर जायचीस, उन्हात पडदा दिसत नाही म्हणून काळी छत्री उघडायचीस आणि दोन तास बसायचीस. खाली पाणी भरणाऱ्या बायकांना वाटायचं, अक्का वर बसून एकटीच कुणाशी तरी बोलते. टाकी एका जागी गळत होती. तुझ्या प्रत्येक प्रश्नामागे थेंब पडायचा. मुंबईच्या मॅडमनी एकदा विचारलं, तुमच्याकडे पाऊस आहे का? तू म्हणालीस, नाही मॅडम, टाकी आहे.

वर जे शिकायचीस ते उतरण्याआधी तिथेच अहिराणीत बोलायचीस आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर पाठवायचीस. "आरसा लिसन उजेडमा बस. आ कर. जीभ बाहेर काढ. डावीकडे कर, आते उजवीकडे. गालना मांगे दख. दुखस नही म्हनीसन सोडी दिऊ नको." आरसा घेऊन उजेडात बस, गालामागे बघ, दुखत नाही म्हणून सोडून देऊ नकोस, एवढंच. पण तुझा आवाज असा, की ऐकणाऱ्या बाईचं तोंड आपोआप उघडायचं. माझ्या एकाही पत्रकानं ते कधी केलं नाही.

आणि आता ते लिहिते, जे तुझ्या-माझ्यातच राहिलं होतं.

आपल्याकडे कुठलंही ऑनलाइन ट्रेनिंग आलं की जो बसतो, तो सगळ्यांचं करतो. कुणाला लसीकरण असतं, कुणाला मीटिंग असते, कुणाला नुसता कंटाळा. "अक्का, माझंही करून टाका." साहेबही तेच म्हणाले, फक्त 'जमल्यास' असा शब्द पुढे लावून. तू सहा नावांनी आत जायचीस. सहा परीक्षा द्यायचीस. हसून मला सांगायचीस की सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले तर मुंबईवाल्यांना संशय येईल, म्हणून एकेकाच्या नावावर एकेक उत्तर मुद्दाम चुकवते. मीही हसले होते. आमच्या अहवालात सहा नावांपुढे 'पूर्ण' हवं होतं. मी पत्रकही काढलं, 'या केंद्रातील प्रत्येक कर्मचारी प्रशिक्षित'. सगळ्या जगाला खोटारडं म्हणणारी मी.

शेवटच्या टप्प्यात प्रत्येकानं एक खरा पेशंट द्यायचा होता. स्वतः शोधलेला, पुढे पाठवलेला आणि अहवाल येईपर्यंत पाठपुरावा केलेला. तुझ्याकडे पाच बायका होत्या. पाड्यांवर फिरून, त्यांची तोंडं उघडायला लावून, छातीला हात लावून तू शोधलेल्या. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात तूच त्यांच्याबरोबर बसनं गेली होतीस. त्या पाच जणी तू पाच जणांना वाटून टाकल्यास. साहेबांना एक, देवराम भाऊंना एक, नर्सताईंना, बाकीच्यांना. पाच जणांपुढे 'पूर्ण' आलं. तुझ्यापुढे 'अपूर्ण'. मी म्हटलं, तुझं काय? तू म्हणालीस, "मिळेल मला एखादी. घाई काय आहे?"

मिळाली.

भांडणं आपली खूप झाली, पण दोन अर्धवट राहिली. एक मिसरीचं. लसींच्या फ्रीजमागे तुझी मिसरीची, भाजलेल्या तंबाखूची, डबी सापडली त्या दिवशी मी उपकेंद्र डोक्यावर घेतलं. तू शांतपणे म्हणालीस, अकरा वर्षांची होते तेव्हा सोनगीरला आजीनं बोटावर दिली, दुसऱ्यांची सोडवता येते, आपली नाही. मी त्यावर काहीतरी भयंकर बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. तुला माहीत आहे.

दुसरं भांडण पडद्याचं. मला पत्रक काढायचं होतं, की पडद्यावर बघून गाठ हाताला लागत नाही, गरिबांच्या माथी ऑनलाइन शिक्षण मारू नका, माणसं पाठवा. तू मसुदा वाचलास आणि परत दिलास. म्हणालीस, "वीस वर्षं नोकरी झाली. दर ट्रेनिंगला नाश्ता मिळाला. जिभेखाली बघायला कुणी शिकवलं नाही. ते मी टाकीवर शिकले. तू ते दार बंद करू नकोस." मी म्हटलं, बाकीचे पाच जण काय शिकले? तू छत्री उचललीस आणि गेलीस. गुरुवार होता.

दिवाळीनंतर साहेबांनी सांगितलं म्हणून तू दात घासून घेतलास. संक्रांतीच्या सुमारास मानेत गाठ आली, तेव्हा धुळ्याला गेलीस. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही आरोग्य खात्यातच ना, मग एवढा उशीर कसा? उन्हाळ्यापर्यंत तुझा आवाज गेला. तू पाटीवर लिहायचीस. शेवटचं तू माझ्यासाठी लिहिलंस ते असं: 'केस राहिली आहे. भर.' मी विचारलं, कुठल्या पेशंटची? तू पाटी पुसलीस.

तू गेल्यावर सोनगीरला तुझ्या जलदान विधीला साहेब आले होते. फुलं वाहिली, दोन शब्द बोलले. म्हणाले, आमच्या केंद्राचा एकही माणूस अप्रशिक्षित राहिला नाही, याचं सगळं श्रेय सुमनताईंना. मांडवात कुणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस. श्रेयाचं ते म्हणाले ते अक्षरशः खरं होतं आणि किती खरं, ते त्यांना एकट्यांनाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेत कुणाच्या तरी पिशवीत फोन बोलायला लागला. "आरसा लिसन उजेडमा बस. आ कर." ज्या बाईचा फोन होता ती घाबरून पिशवीत हात घालून चाचपत राहिली, आणि तेवढ्या वेळात तुझा आवाज पुढे जात राहिला. मी मान वळवून पाहिलं. तिच्या आजूबाजूच्या तीन बायकांनी तोंडं उघडली होती. रडता रडता, आपल्या नकळत. भन्तेजींनी वंदना पुढे सुरू केली.

मी भूत-बित मानत नाही. त्यावर पत्रकं काढली आहेत. पण त्याच आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी दोन वाजता मी ऑफिसात तुझं खातं बंद करायला बसले, वर्ग सुरू होता, आणि हजर असलेल्यांच्या यादीत तुझं नाव होतं. नावापुढे हिरवा ठिपका. चौकोन काळा.

वाटलं, यंत्राची काहीतरी चूक. मी वर्गात शिरले. मुंबईच्या मॅडमना तुझं काही कळलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुमनताई आल्या आहेत वाटतं, बऱ्याच दिवसांनी. ताई, तुमची केस अर्धीच आहे. बाई, वय एकोणपन्नास, मिसरीची सवय, जिभेच्या उजव्या कडेला न भरणारा व्रण. पुढे काय झालं?"

चौकोन काळाच राहिला. माइक मात्र सुरू होता. आतून एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग कुणीतरी श्वास घेतला, आणि ठिपका गेला.

मी मॅडमचे शब्द वहीत उतरवून घेतले. बाई, वय एकोणपन्नास. तू स्वतःलाच केस केलं होतंस.

त्या रात्री काय वाटलं ते जाऊ दे, दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते सांगते. जुन्या वर्गांची रेकॉर्डिंग काढली. पोळ्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी तुझा आवाज आहे. तू विचारतेस, मॅडम, एक पेशंट आहे, आरोग्य खात्यातलीच आहे. व्रण तीन आठवड्यांचा आहे. तिचे डॉक्टर म्हणतात, दात आहे. त्यांनी हा कोर्स केलेला आहे. कुणाचं ऐकायचं? मॅडम म्हणतात, दोन आठवड्यांवर गेलेला व्रण म्हणजे बायोप्सी, थांबायचं नाही. आणि मग विचारतात, "पण त्यांनी आपलाच कोर्स केला असेल, तर त्यांनी पाठवलं का नाही?"

थेंब पडतो. अक्का, मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं ते विचारू नकोस. तू काय सांगणार होतीस? त्यांचा कोर्स मीच केला, असं? मग तू म्हणतेस, "रेंज जातेय, मॅडम," आणि निघून जातेस. रेंज गेलेली नव्हती. थेंबाचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो.

मग मी साहेबांचं खातं उघडलं. पासवर्ड माझाच होता. वर्ग बंद दाखवत होता, जुनी परीक्षा मात्र दिसत होती. सगळी उत्तरं बरोबर, एक सोडून. संशय नको म्हणून तू त्यांच्या नावावर मुद्दाम चुकवलेलं ते एक. प्रश्न: जिभेच्या कडेला तीन आठवडे न भरलेला व्रण आढळल्यास काय कराल? तू तिसऱ्या पर्यायावर खूण केली होतीस. 'दाताचा कोपरा घासून, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन महिनाभर वाट पाहीन.'

म्हणून तू हसलीस. सव्वाअकरा वाजता त्यांनी तुला तुझंच चुकीचं उत्तर वाचून दाखवावं तसं म्हणून दाखवलं. ते त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. बरोबर उत्तरही वाचलेलं नव्हतं.

मला तुझ्याशी अजून भांडायचंय. धुळ्याला बस जाते, दोन तासांत पोचते, पाच बायकांना घेऊन गेलीस, एकटी का नाही गेलीस? त्यांची चोरी झाकायला, की तुझी, की माझी? मी दारात उभी होते. मला माहीत होतं ते प्रमाणपत्र कुणाचं आहे. "साहेब, बॅटरी काढा," एवढी तीन शब्दांची पत्रकबाजी मला जमली असती. मी हातातले गठ्ठे बाकावर ठेवले आणि चहा घ्यायला गेले.

पुढच्या गुरुवारी मी गावात गेले. दुपारचे दोन, रस्त्यावर कुत्रंही नाही. नळावर दोन बायका होत्या. त्यातली एक टाकीकडे न बघता म्हणाली, "अक्का वर शे. गुरुवारले येस ती." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मी वर पाहिलं. बाराव्या पायरीच्या वर काळी छत्री उघडी होती. तीच, एक काडी मोडलेली.

मी जिना चढले. छत्रीमागून मॅडमचा आवाज येत होता, मध्ये थेंब. मी छत्री बाजूला केली.

देवराम भाऊ होते. तुझ्या केंद्रातले आरोग्यसेवक, तंबाखूच्या दोन पुड्यांशिवाय ज्यांचा दिवस जात नाही ते. तुझा टॅब मांडीवर, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात बॅटरी, तोंड सताड उघडं. मला पाहून त्यांनी ते मिटलं.

म्हणाले, "मना कोर्स पूरा व्हयेल शे म्हनस. आत जाऊच देस नही. अक्काना बाकी शे." मग टॅबकडे बघून हळूच, "माले शिकनं शे, रोशनीताई. पन मी आते फक्त तिना नावथीनच शिकू शकस."

असं आहे बघ अक्का. तू पाच जणांच्या नावानं बसलीस आणि पाचही दारं आतून बंद झाली; कोर्स 'पूर्ण' झालेल्याला वर्ग पुन्हा आत घेत नाही. उघडं राहिलं ते एकटं तुझं, तुझी केस राहिली म्हणून. भाऊंच्या गालात पांढरा चट्टा आहे. त्यांनी तो तुझ्या आवाजावर शोधला. त्यांना मॅडमला विचारायचं होतं आणि नाव तुझं असल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नव्हता. मागच्या गुरुवारचा तो श्वास त्यांचा होता.

टॅबमधून मॅडम म्हणत होत्या, सुमनताई, आवाज येतोय का? मी भाऊंच्या हातातून टॅब घेतला आणि सांगितलं. सुमनअक्का गेली. केस तीच होती. आणि हे ज्यांना बोलायचंय त्यांचं नाव देवराम आहे, त्यांचा चट्टा बघा. मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, उजेडाकडे तोंड करा. आ करा."

भाऊंना दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला घेऊन गेले. तुकडा काढून तपासायला दिलाय. अहवाल यायचाय.

तुझी केस मी भरली. 'पुढे पाठवले: उशिरा. निष्कर्ष: रुग्ण मृत.' पाठवण्याचं बटण दाबलं नाही. दाबलं की तुझ्यापुढे 'पूर्ण' येईल आणि शेवटचं दार बंद होईल. पाच जणांची खाती पुन्हा उघडून द्या असं मॅडमनी वर कळवलंय, उत्तर नाही. खाती मी उघडली, पाच जण एकदाही बसले नाहीत आणि मला ते माहीत होतं, असं मी सही करून संस्थेला आणि आरोग्य केंद्राला लिहून दिलंय. तिथूनही उत्तर नाही. घड्याळाशेजारी फ्रेम तशीच आहे. आणि दर गुरुवारी दोन वाजता यादीत तू हजर असतेस.

पडद्याच्या भांडणात तू जिंकलीस. शिकवणं खोटं नव्हतं. भिंतीवरचा कागद खोटा होता.

आता हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्याशी बोलते. हळहळू नकोस, सुमनअक्काला त्याचा उपयोग नाही. उद्या सकाळी तुझ्या गावच्या दवाखान्यात जा. भिंतीवर जे प्रमाणपत्र लावलंय त्याच्या बरोबर खाली उभा राहा. ज्याचं नाव त्यावर आहे त्याला खुर्चीतून उठव, खणातली बॅटरी बाहेर काढायला लाव. मग तोंड उघड. आणि त्यानं तुझी जीभ उचलून खाली बघेपर्यंत मिटू नकोस.